लकव्याची गुठळी ओढून काढण्याचा इलाज : विदर्भातल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला कितपत उपयोगी?

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर ओढायची, या इलाजाला दवाखान्यात थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडून आलेल्या लकव्यावर आज यापेक्षा गुणकारी उपाय नाही, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसालाही तो लागू पडतो, हे आमचं पहिलं मत. दुसरं मतही तितकंच स्पष्ट आहे. विदर्भातल्या खेड्यातून या इलाजापर्यंत पोचायची साखळी पहिल्याच कडीला तुटते. कॅथलॅब, म्हणजे जिथे रक्तवाहिनीत नळी घालून इलाज करतात ती खोली, तिथल्या कामाला चांगले गुण द्यावे लागतील. गाव ते कॅथलॅब या वाटेला काठावर पास करणंही जड जातं. त्यामुळे इथे दोन्हींबद्दल लिहिलं आहे, आणि वाटेबद्दल जास्त, कारण माणूस तिथेच हातचा जातो.

हा प्रश्न शहरापुरता नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' संस्थेने केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा निघाला. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिल्या नंबरावर होता, आणि त्यातले बहुतेक लोक घरीच वारले. म्हणजे ज्या आजारावर नागपुरात कॅथलॅबचा इलाज होतो, त्याच आजाराचा माणूस दोनशे किलोमीटरवर बाजेवर पडल्या पडल्या संपतो.

आधी हा इलाज कोणासाठी आहे ते. लकवा दोन तऱ्हेचा असतो. एकात रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक सीटीसारख्या स्कॅनमध्येच कळतो. गुठळी ओढायचा इलाज पहिल्या प्रकारासाठी आहे, आणि त्यातही गुठळी मोठ्या रक्तवाहिनीत असेल तरच. बारीक फांदीतल्या गुठळीपर्यंत नळी नेण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. घरच्या माणसाला मोठ्या रक्तवाहिनीचा संशय यावा अशी एक खूण आहे, ती गावात फार कमी लोकांना ठाऊक आहे: एक बाजू पार लुळी पडलेली, बोलणं बंद, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला वळून तिथेच थांबलेले. उजवा हातपाय गेला असेल तर नजर डावीकडे खिळते. हाक मारली, समोर जाऊन उभं राहिलं, तरी डोळे मधली रेघ ओलांडत नाहीत. मोठ्या रक्तस्रावातही असं होऊ शकतं, म्हणून निदान स्कॅनवरच होणार. पण ही खूण दिसली की 'सकाळी बघू' म्हणायला जागा राहत नाही.

आता वयाचं. 'ऐंशी वर्षांचे आहेत, आता कशाला त्रास देता' हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडी असतं आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांच्याही. २०१५ मध्ये या इलाजाच्या पाच मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या १२८७ रुग्णांची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली गेली. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे लोक नुसत्या औषधांवर शंभरात साधारण २६, आणि गुठळी काढलेल्यांत ४६. साधारण अडीच-तीन रुग्णांवर इलाज केला की त्यातल्या एकाचं अपंगत्व किमान एका पायरीने कमी होतं. ऐंशीच्या पुढच्यांतही हा फायदा टिकून होता. मात्र घरच्यांना खरा आकडा सांगायला हवा. ऐंशीपुढच्या माणसांत गुठळी काढूनही स्वतःच्या पायावर उभे राहणारे तिघांत एकाहूनही थोडे कमीच, आणि त्या वयात तीन महिन्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाणही मोठं आहे. तरीही नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा ते बरे राहतात. घेऊन जाण्यासारखा फरक आहे.

वयापेक्षा मोलाचा प्रश्न दुसराच: लकव्याच्या आधी माणूस कसा होता? दवाखान्यात हे विचारलं की घरचे 'बरे होते' एवढंच म्हणतात. त्याने काम भागत नाही. नेमकं सांगा. संडासला स्वतः जात होते का, आंघोळ स्वतः करत होते का, वावरात चक्कर मारत होते का, तालुक्याच्या बाजाराला एकटे एसटीने जात होते का, नातवंडांची नावं आठवत होती का. पंच्याऐंशीचा बुढा रोज बैल सोडून नेत असेल, तर तो अंथरुणाला खिळलेल्या पासष्टीच्या माणसापेक्षा या इलाजाला जास्त योग्य आहे. आणखी एक गोष्ट: जुन्या पिढीच्या आधार कार्डावरचं वय पुष्कळदा अंदाजाने टाकलेलं असतं, जन्मतारीख १ जानेवारी. कार्डावर ८४ आणि प्रत्यक्षात ७६ असं होऊ शकतं. तसं असेल तर तोंडाने सांगा.

वेळेचा हिशेब लकवा दिसला तेव्हापासून धरत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. रात्री नऊला जेवून झोपले आणि पहाटे पाचला हातपाय हलेना, तर घड्याळ नऊपासून चालू. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांपर्यंत देतात. गुठळी ओढून काढणं सहा तासांपर्यंत सरळ बसतं. सहा ते चोवीस तासांत ते निवडक रुग्णांत करतात. मेंदूचा किती भाग मेला आणि किती वाचण्याजोगा आहे हे खास स्कॅनमध्ये पाहून ठरवतात. २०१८ मधल्या दोन चाचण्यांनी ही खिडकी उघडली. त्यातल्या एकीत उशिरा इलाज झालेल्यांपैकी शंभरात ४९ जण स्वतंत्र राहिले, नुसत्या औषधांवर १३. म्हणून 'सहा तास उलटले, आता नेऊन काय' हे गृहीत धरू नये. पण चोवीस तास हातात आहेत असंही समजू नये. मोठी रक्तवाहिनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात.

आजकाल पुष्कळ म्हातारी माणसं गावात एकटी किंवा दोघंच असतात, मुलं पुण्याला. अशा वेळी 'शेवटचं कोणी बोलताना पाहिलं' हे शेजाऱ्याला, दूधवाल्याला, शेवटचा फोन केलेल्या लेकीला विचारून घ्या. मोबाइलमधल्या शेवटच्या कॉलची वेळ हा चांगला पुरावा असतो. अपघात विभागात 'माहीत नाही' असं उत्तर आलं तर इंजेक्शन बहुधा हुकतंच.

आता पहिली कडी. यात घरापासूनच सुरुवात होते. तेल चोळणं, कबुतराचं रक्त लावणं, लकव्याचं औषध देणाऱ्या गावी गाडी करून नेणं. यातल्या कशानेही गुठळी हलत नाही आणि तास जातात. पाणी, चहा, गूळ, गोळी, काहीही तोंडात घालू नये. गिळता येत नसलं तर ते फुप्फुसात जातं, आणि म्हाताऱ्या माणसाला लकव्याइतकाच पुढचा न्यूमोनिया मारतो. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, कवळी काढून घ्या.

गावातला किंवा तालुक्याचा दवाखाना हा दुसरा अडथळा. तिथे बहुतेक वेळा सलाईन लावतात आणि 'बघू, उतार पडतो का' म्हणतात. उतार पडायची वाट बघणं हीच सगळ्यात महाग चूक आहे. त्याखालोखाल जिभेखाली डिपिनची, म्हणजे रक्तदाब झटकन उतरवणारी गोळी. रक्तदाब १९०-२०० दिसला की ती फोडून जिभेखाली दिली जाते, दाब धाडकन उतरतो, आणि बंद रक्तवाहिनीपलीकडच्या मेंदूला आजूबाजूच्या फांद्यांतून जे थोडंफार रक्त मिळत होतं तेही तुटतं. त्या वेळचा वाढलेला दाब पुष्कळदा शरीरानेच मेंदूला रक्त पोचावं म्हणून चढवलेला असतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर दाब १८५/११० च्या खाली हवा, तोही शिरेतून औषध देऊन हळूहळू. इंजेक्शन देणार नसतील तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. ॲस्पिरिनही स्कॅनआधी नको. रक्तस्राव असेल तर ते उलटं पडेल.

तालुक्याच्या दवाखान्याने करायच्या गोष्टी थोड्या आहेत, आणि साधन लागतं ते जवळ असतंच. बोट टोचून साखर बघायची. मधुमेहाच्या गोळ्या घेणारा, रात्री न जेवता झोपलेला म्हातारा साखर ४० पर्यंत उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखा दिसतो, आणि डेक्स्ट्रोज दिलं की उठून बसतो. साखर कमी नसेल तर मात्र डेक्स्ट्रोजची बाटली लावू नये, नॉर्मल सलाईन पुरतं. ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तरच. आणि सुई: हाताच्या मागे निळी २२ नंबरची लावून पाठवतात, मग स्कॅनच्या टेबलावर दुसरी शोधावी लागते, कारण अँजिओग्राफीचं औषध जोरात सोडायला कोपराजवळ गुलाबी २० किंवा हिरवी १८ लागते. म्हाताऱ्यांच्या शिरा आधीच नाजूक, दोनदा फुटल्या की पंधरा-वीस मिनिटं गेली. तालुक्यालाच उजव्या कोपरात गुलाबी सुई लावली तर हा वेळ वाचतो. खर्च तोच.

तिसरा अडथळा फोनचा. रेफर चिठ्ठीवर 'उच्च उपचारार्थ पाठवत आहे' लिहून रुग्ण सोडला जातो, पुढे कोणाला खबर नसते. नुसतं मोठं नाव बघून निघू नये. नागपूरचं एम्स किंवा मेडिकल, वर्ध्याकडे सेवाग्राम नि सावंगी, यांतलं कुठलंही असो, किंवा खासगी, निघण्याआधी तीन प्रश्न विचारा: सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) आत्ता होईल का, गुठळी काढणारा डॉक्टर आज रात्री गावात आहे का, कॅथलॅब मोकळी आहे का. चोवीस तास सेवेची पाटी आणि रविवारी पहाटे तीन वाजता हजर असलेली टीम यात अंतर असू शकतं. फोनवर वय, शेवटची धडधाकट वेळ, रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, एवढं सांगितलं की तिकडची टीम रुग्ण वाटेत असतानाच जमते.

कुठे न्यायचं याचं सगळ्यांना एकच उत्तर नाही. चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीपासून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर, गडचिरोलीपासून पावणेदोनशेच्या आसपास. साडेचार तासांच्या आत जिल्ह्याला सीटी स्कॅन आणि इंजेक्शन दोन्ही मिळत असेल, तर आधी तिथे थांबावं, इंजेक्शन घ्यावं आणि लगेच पुढे निघावं. कॅटलोनियातल्या ग्रामीण भागात झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळच्या केंद्रात थांबून पुढे गेलेले आणि थेट मोठ्या केंद्रात गेलेले यांच्या निकालात फरक पडला नाही. पण तिथे जवळचं केंद्र झपाट्याने काम करतं. आपल्याकडे जिल्ह्याला थांबून दोन तास नुसती कागदपत्रं होणार असतील, तर ते थांबणं तोट्याचं. सिरोंच्याकडचे लोक तेलंगणात जातात, बुलडाण्याकडचे छत्रपती संभाजीनगरला. जवळ पडत असेल तर तेच बरोबर आहे. समृद्धी महामार्गाने वाशीम-वर्ध्याकडच्यांचा वेळ वाचवला. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद, आणि या सेवेच्या दृष्टीने ते गाव नकाशावरून पुसलं जातं. धारणीहून घाट उतरून अमरावतीला यायलाही वेळ जातोच. १०८ ची गाडी फुकट आहे, पण पुढच्या टप्प्यासाठी मॉनिटर आणि डॉक्टर असलेली मोठी गाडी मागा. इंजेक्शन दिलेल्या रुग्णाचा दाब वाटेत दर पंधरा मिनिटांनी बघावा लागतो.

इंजेक्शनबद्दल एक बारकावा, कारण खेड्यातल्या म्हाताऱ्यांना तोच नडतो. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजचा डोस किलोमागे ०.९ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त ९०. दहावा हिस्सा मिनिटभरात, उरलेलं तासाभरात. ४२ किलोच्या म्हातारीला साधारण ३८ मिलीग्रॅम बसतं. नजरेने ६० किलो धरलं तर ५४ जातं, आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची वाट मोकळी होते. वजन करायलाच हवं. उभं राहता येत नसेल तर स्ट्रेचरसकट करून स्ट्रेचरचं वजा करा. टेनेक्टेप्लेज हे त्याच कामाचं दुसरं औषध एकाच झटक्यात देतात, पंप लागत नाही, त्यामुळे पुढे गाडीतून न्यायला सोयीचं. मोठ्या रक्तवाहिनीतली लांब गुठळी मात्र इंजेक्शनने बहुतेक वेळा विरघळत नाही, म्हणून इंजेक्शन दिलं तरी पुढे निघायचंच. परिणाम बघत बसायचं नाही. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असून आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) १.७ च्या वर असेल तर इंजेक्शन देत नाहीत, पण गुठळी ओढता येते. ही गोष्ट माहीत नसल्याने कितीतरी रुग्ण 'रक्त पातळ आहे, काही करता येणार नाही' म्हणून परत पाठवले जातात.

कॅथलॅबमधलं काम प्रत्यक्षात असं चालतं. जांघेत भूल देऊन धमनीत आठ फ्रेंच म्हणजे पावणेतीन मिलीमीटरची नळी घालतात, ती छातीतल्या महाधमनीच्या कमानीवरून मानेतल्या धमनीत नेतात. तिच्यातून बारीक नळी, तिच्यातून केसासारखी तार, गुठळी ओलांडून पलीकडे. मग जाळीचा स्टेंट गुठळीच्या आत उघडायचा, तीन-पाच मिनिटं थांबायचं म्हणजे जाळीच्या तारा गुठळीत रुततात, आणि पंपाने ओढ देत सगळं एकत्र मागे घ्यायचं. ट्रेमधल्या पाण्यात जाळी धुतली की गडद लाल, कधी पांढुरकी, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीची गुठळी सुटून येते. एका ओढीत आली तर निकाल सर्वांत चांगला. तीन-चार ओढींनंतर फायदा घटत जातो, धोका वाढत जातो. कित्येकदा टेबलावरच हात हलायला लागतो, पण तसं झालं नाही म्हणून इलाज फसला असं नसतं.

म्हाताऱ्या माणसात हेच काम अवघड का जातं? वयाने आणि रक्तदाबाने महाधमनीची कमान ताणून खाली ओघळते, मानेतल्या धमन्यांना वळसे पडतात, भिंतींवर चुना साचतो. तरण्या माणसात नळी दहा मिनिटांत वर जाते, इथे तासभर झटापट होते आणि कधी जातच नाही. मग मनगटातून किंवा क्वचित थेट मानेतून जावं लागतं. अनुभवी हाताचा फरक इथेच पडतो. गुठळीचा तुकडा सुटून पुढच्या फांदीत अडकतो, धमनी चिरते किंवा फुटते, शंभरातल्या चार-सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होतो, जांघेत रक्त साचतं, मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर स्कॅनसाठी शिरेत सोडलेल्या औषधाने बिघडतं. पण क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट यायची वाट बघून स्कॅन अडवू नये. मेंदू वाचवायला तेवढा धोका पत्करतात. काम झाल्यावर दाब १८०/१०५ च्या खाली ठेवतात, पण १४० च्या खाली जोर करून पाडणं घातक ठरलं आहे. कमी म्हणजे चांगलं ही समजूत इथे चालत नाही.

पैशाचं. खासगीत सगळं धरून काही लाख लागतात. एकट्या जाळीच्या स्टेंटची किंमतच लाखाच्या घरात जाते. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज मोफत. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. पण कार्ड असणं आणि त्या दवाखान्यात हा इलाज त्यात बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीकृत दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, फोनवरच विचारा: गुठळी काढायचं पॅकेज तुमच्याकडे मंजूर आहे का, स्टेंट त्यात धरला आहे का. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागून द्यायची सोय योजनेत आहे, त्यामुळे रेशनकार्ड शोधायला गाडी परत गावी पाठवू नका. वय वंदना कार्ड मात्र आजच काढून ठेवा, सत्तरी झालेल्या प्रत्येकाचं. ज्या दवाखान्यात खर्चाचा अंदाज आणि धोका दोन्ही सही घेण्याआधी मराठीत सांगतात, तो आमच्या पसंतीचा. काही ठिकाणी इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन मोकळे होतात, ते चूक आहे.

नंतरच्या काळजीत सेवा पुन्हा लंगडी पडते. चोवीस तासांनी परत स्कॅन, चमच्याने पाणी पाजून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही नाही, दोन तासांनी कूस बदलणं. रात्री म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी करतात, नळ्या ओढतात. बांधून ठेवण्यापेक्षा ओळखीचा माणूस शेजारी बसवलेला बरा, चष्मा नि कानाचं मशीन परत घातलेलं बरं. गुठळी आली कुठून हे शोधायलाच हवं. म्हातारपणी ती पुष्कळदा हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे तयार होते. नाडी आडवीतिडवी लागत असेल आणि ईसीजी साधा आला, तर ठोके जास्त वेळ सलग नोंदवणारी होल्टर तपासणी मागा. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांना वारंवार रक्त तपासावं लागत नाही, गावासाठी त्या सोयीच्या. पण हृदयाची झडप संधिवाताच्या तापाने आकुंचली असेल तर वॉर्फरिनच घ्यावी लागते, आणि आयएनआर २ ते ३ मध्ये राहतो का हे सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला तपासावं लागतं. घरी सोडताना ही तपासणी तुमच्या तालुक्यात कुठे होते हे चिठ्ठीवर लिहून घ्या. नाहीतर दोन महिन्यांत गोळी बंद पडते, आणि पुढची गुठळी बहुधा त्याच्याच मागोमाग येते.